गडाची परीक्षा गड चढूनच

रायगडाविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. गडाचे बांधकाम पुरे झाले, दरवाजे बसले, बुरूज उभे राहिले. तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी जाहीर केले की, राजमार्ग सोडून, दोर वा शिडी न लावता जो कोणी गड चढून दाखवील, त्याला सोन्याची थैली आणि सोन्याचे कडे बक्षीस दिले जाईल. महार समाजातील एक धाडसी माणूस पुढे आला. पाहता पाहता तो कडा चढून गेला आणि त्याने गडावर निशाण लावले. महाराजांनी ठरल्याप्रमाणे त्याचा सन्मान केला आणि ज्या वाटेने तो चढला, ती वाट बंद करण्याची आज्ञा दिली. हिरकणीची कथाही याच जातीची आहे. दूध घालायला आलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेली. तिचे कौतुक झालेच. पण त्या जागी बुरूजही उभा राहिला.

या कथांमधील तपशील इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतो, हा अभ्यासकांचा विषय आहे. त्यांतील राजनीती मात्र नि:संशय खरी आहे. गड किती भक्कम आहे, हे तो बांधणाऱ्या गवंड्याला विचारून कळत नाही. काम उत्तम झाले आहे असेच तो सांगणार, आणि बहुधा प्रामाणिकपणे सांगणार. गडाकडे शत्रूच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस त्यासाठी लागतो. तो आपल्याच राज्यातला असावा लागतो आणि शत्रूच्या आधी त्याने गड चढावा लागतो.

आज या कथांची आठवण होण्याचे कारण गडकोटांचे नसून दारात उभ्या असलेल्या मोटारीचे आहे. पूर्वी मोटार म्हणजे इंजिन, गिअर, चाके आणि ब्रेक असा ढोबळ हिशेब होता. ॲक्सिलरेटर दाबला की तार ओढली जाई आणि इंजिनाला इंधन मिळे. आता ती तार बहुतेक मोटारींतून गेली आहे. पायाचा दाब संवेदक मोजतो, तो आकडा गाडीतल्या संगणकाकडे जातो आणि किती वेग द्यायचा हे तो संगणक ठरवितो. चाके घसरू न देणारी एबीएस ही ब्रेक प्रणाली आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा हे प्रदूषण-नियम लागू झाल्यावर साध्या स्कूटरमध्येही इंधनाचे माप संगणक ठरवू लागला. मध्यमवर्गीय कुटुंब सुटीत देवदर्शनाला निघते, तेव्हा चाकामागे बसलेला गृहस्थ एकटाच गाडी चालवीत नसतो. त्याच्यासोबत एक अदृश्य सारथी असतो आणि त्या सारथ्याचे नाव सॉफ्टवेअर.

हा सारथी झोपत नाही, मद्य पीत नाही, रागावत नाही. पण तो चुकतो आणि त्याच्या चुकण्याची तऱ्हा माणसाहून वेगळी असते. एखादी तार सैल होते आणि संवेदक खोटा आकडा सांगू लागतो. विजेच्या दाबात क्षणभर चढउतार होतो. अवकाशातून येणाऱ्या सूक्ष्म कणाच्या आघाताने किंवा विद्युतचुंबकीय गोंधळाने स्मृतीतील शून्याचा एक होतो. एका यंत्रणेचा निरोप दुसरीकडे पोहोचायला सेकंदाचा काही अंश उशीर होतो. असे क्षण वारंवार येत नाहीत. म्हणूनच गाडी लाखो किलोमीटर चालवून पाहिली तरी चाचणीत ते दिसतीलच असे नाही. लाखो गाड्या वर्षानुवर्षे रस्त्यावर धावू लागतात, तेव्हा कोणाच्या तरी नशिबी तो क्षण येतोच.

यावर अभियंत्यांनी शोधलेला उपाय रायगडावरच्या त्या आव्हानासारखाच आहे. बिघाडाची वाट पाहायची नाही. तो आपणच घडवून आणायचा. अभियांत्रिकीत याला ‘फॉल्ट इंजेक्शन’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर ही मुद्दाम दोष घालून घेतलेली परीक्षा. गाडीचा नियंत्रक संगणक प्रयोगशाळेतील टेबलावर ठेवला जातो आणि त्याला एका मोठ्या संगणकाशी जोडून आपण खरोखरच रस्त्यावर धावत आहोत असे भासविले जाते. गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाने चालली आहे, समोर वळण आहे असे चित्र उभे राहिले की, परीक्षक एक तार तोडतो, स्मृतीतील एक अंक उलटा करतो, विजेचा दाब पाडतो किंवा ब्रेकच्या नावाने खोटा निरोप धाडतो. मग तो पाहतो की, यंत्रणेला हा बिघाड कळतो का, किती वेळात कळतो, कळल्यावर ती गाडीला सुरक्षित स्थितीत आणते का, आणि चालकाला वेळीच इशारा देते का. सर्व सुरळीत असताना गाडी चालते, हे कोणीही दाखवू शकेल. बिघडल्यावर ती माणसाला वाचविते की मारते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे अमेरिकेत घडलेल्या एका प्रकरणावरून समजते. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीच्या एका मोटारीचा वेग आवरेना आणि आतील चारही जण मृत्युमुखी पडले. पायाखालची जाजमपट्टी ॲक्सिलरेटरमध्ये अडकल्याचे तेथे निष्पन्न झाले. पण गाडी आपणहून वेग घेते, अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये तर नाही ना, ही शंका देशभर पसरली. सरकारने थेट ‘नासा’ या अवकाश संस्थेच्या अभियंत्यांना पाचारण केले. त्यांनी २,८०,००० हून अधिक ओळींचा सॉफ्टवेअर मजकूर तपासला, गाड्यांवर विद्युतचुंबकीय लहरींचा मारा करून पाहिला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल दिला. गाडीला बेफाम करणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असे त्यात म्हटले होते. पण पुरावा सापडला नाही याचा अर्थ तसे घडूच शकत नाही असा नव्हे, अशी पुस्तीही त्या शास्त्रज्ञांनी जोडली होती. सरकारी घोषणेच्या गजरात ती पुस्ती फारशी कोणाच्या कानी गेली नाही.

पुढे ओक्लाहोमा राज्यात २००७ च्या एका अपघाताचा खटला उभा राहिला. गाडी २००५ ची कॅमरी होती. तीत एका महिलेचा मृत्यू झाला होता आणि चालविणारी महिला गंभीर जखमी झाली होती. मायकेल बार या संगणकतज्ज्ञाने न्यायालयात साक्ष दिली. त्याच्या सहकाऱ्यांनी कंपनीचे सॉफ्टवेअर दीर्घकाळ बारकाईने तपासले होते. स्मृतीतील एखादा अंक बिघडला तर वेगावर नियंत्रण ठेवणारे कार्य बंद पडू शकते आणि पहारा देणाऱ्या यंत्रणेला त्याचा पत्ता लागेलच असे नाही, असे त्याने सांगितले. हे नुसते अनुमान नव्हते. गाडीच्या स्मृतीत मुद्दाम बिघाड घडवून घेतलेल्या चाचण्यांचा आधार त्याला होता. स्मृतीतील चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय त्या गाडीत आहे असे ‘नासा’ने गृहीत धरले होते, ती प्रत्यक्षात नव्हती, असेही त्याने सांगितले. कंपनीने हे आरोप नाकारले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरून ३० लाख डॉलरची भरपाई ठरविली आणि दंडात्मक भरपाईचा निर्णय होण्यापूर्वी दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

त्या दोन महिलांच्या गाडीत नेमके काय घडले, यावर तज्ज्ञ अजूनही वाद घालतील. परंतु न्यायालयाच्या चावडीवर वकिलांच्या देखरेखीखाली जी परीक्षा झाली, ती गाडी विकण्याआधी कारखान्यात आणि सरकारी परीक्षकासमोर व्हायला हवी होती, याविषयी वाद संभवत नाही. माणूस गेल्यावर गड चढून पाहण्यात काय अर्थ?

परीक्षा घेतली, एवढ्यानेही भागत नाही. ती खऱ्या संकटासारखी असावी लागते. बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स विमानाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ही विमाने कोसळली आणि ३४६ जणांचे प्राण गेले. विमानाचे नाक आपणहून खाली ढकलणारी एक संगणकीय यंत्रणा एकाच संवेदकावर विसंबून होती आणि तो संवेदक खोटे सांगत होता. ही यंत्रणा अवेळी चालू झाली तर काय होईल, याची चाचणी कंपनीने घेतली होती. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले की, त्या चाचणीत मूळ कारण, म्हणजे बिघडलेला संवेदक, घातलेलाच नव्हता. प्रत्यक्षात संवेदक बिघडला तेव्हा वैमानिकांवर एकाच वेळी अनेक इशाऱ्यांचा भडिमार झाला. शांत खोलीत एकेकटा दोष समोर ठेवून माणूस तो चटकन ओळखील, हे गृहीतच तेथे फसले. लुटुपुटीच्या लढाईत कमावलेला विश्वास खऱ्या लढाईत असा धोका देतो.

हे झाले दैवाने येणाऱ्या संकटांविषयी. माणसाच्या दुष्टबुद्धीने येणारे संकट आणखी निराळे असते. दैव आंधळे असते. शत्रू नेमकी कमकुवत जागा शोधतो. आजची मोटार मोबाईलच्या जाळ्याला जोडलेली असते, तिला रस्ता कळतो, गाणी कळतात, दूरवरून नवे सॉफ्टवेअर मिळते. ज्या वाटेने गाणे येते त्याच वाटेने शत्रूही येऊ शकतो. मोटारीच्या आत निरनिराळे संगणक ‘कॅन’ नावाच्या ज्या वाहिनीवरून परस्परांशी बोलतात, ती बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. त्या काळी मोटारीला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट नव्हती. त्यामुळे निरोप कोणी पाठविला याची खातरजमा करण्याची सोय तिच्यात ठेवली गेली नाही. घरात सर्व आपलेच असतील, अशा विश्वासावर उभ्या असलेल्या या वाड्याला पुढे रस्त्यावर उघडणारे दार बसविले गेले.

त्या दाराने काय होऊ शकते, हे जुलै २०१५ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेतील चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी काही मैलांवर, घरात बसून, सेंट लुईसच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकी गाडीचा ताबा घेतला. चाकामागे एक पत्रकार होता. त्याने या प्रयोगाला आधीच संमती दिली होती. आधी गार वारा सुटला, मग गाणी कानठळ्या बसवू लागली, काचेवरचे वायपर फिरू लागले, आणि शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. पुढे मोकळ्या जागेत त्यांनी ब्रेकही निकामी करून दाखविले. त्यानंतर कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागविल्या. हे दोघे संशोधकच होते, हे त्या १४ लाख कुटुंबांचे सद्भाग्य म्हणायचे.

आता रायगडाच्या कथेतील दुसरा भाग पाहण्यासारखा आहे. गड चढणाऱ्याच्या हातात महाराजांनी बेड्या ठोकल्या नाहीत. सोन्याचे कडे घातले. अमेरिकेत मोटारीचे सॉफ्टवेअर उघडून पाहणाऱ्या संशोधकावर स्वामित्वहक्काच्या कायद्याने खटला होण्याची भीती होती. २०१५ मध्ये तेथील सरकारने सद्हेतूने केलेल्या अशा संशोधनाला त्या कायद्यातून सूट मंजूर केली. मार्च २०१९ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे झालेल्या स्पर्धेत टेस्ला गाडीच्या संगणकातील उणीव दाखविणाऱ्या दोन संशोधकांना तीच गाडी बक्षीस मिळाली. आपल्याकडे मात्र उणीव दाखविणारा तो वैरी, हा समज कार्यालयांपासून कारखान्यांपर्यंत अजूनही रुजलेला आहे.

जगाने या अनुभवांतून नियम केले. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेसाठीचे आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये निघाले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. ज्या यंत्रणांच्या बिघाडाने जीव जाऊ शकतो, त्यांच्यासाठी मुद्दाम दोष घालून परीक्षा घेण्याची ठाम शिफारस त्यात आहे. मोटारींच्या सायबर सुरक्षेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगात जून २०२० मध्ये १५५ क्रमांकाचा नियम संमत झाला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला तो बंधनकारक आहे. त्याच धर्तीवर भारतातही एआयएस १८९ आणि सॉफ्टवेअर बदलांसाठी एआयएस १९० ही मानके आखली गेली आहेत. दिशा योग्य आहे. आता अपेक्षा अंमलबजावणीची आहे, आणि ती केवळ कागदपत्रांच्या तपासणीची असू नये.

भारताला हे जमेल का, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी चांद्रयानाकडे पाहावे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम चंद्रावर कोसळले. त्या अपयशाचे शवविच्छेदन आपल्या शास्त्रज्ञांनी निर्दयपणे केले. चांद्रयान ३ निघण्याच्या सुमारास इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले की, या वेळी यशाऐवजी अपयश गृहीत धरून रचना केली आहे. संवेदक निकामी झाला तर काय, इंजिन बंद पडले तर काय, गणित चुकले तर काय, असे प्रश्न एकेक करून विचारले गेले आणि प्रत्येकाचे उत्तर यानात बसविले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरले, तेव्हा देशाने जो जल्लोष केला, त्याच्या मुळाशी ही कठोर आत्मपरीक्षा होती. ज्या देशाने चंद्रावर उतरणाऱ्या यानाची अशी परीक्षा घेतली, त्याने पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीची घेऊ नये, याला कारण नाही.

साधने आपल्याजवळ आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पुण्यातच आहे. परदेशी मोटारींचे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि तपासणारे हजारो तरुण अभियंते हिंजवडीत आणि बंगळुरूत रोज कामाला जातात. जर्मन ग्राहकासाठी जी काटेकोर परीक्षा ते टेबलावर घेतात, तीच त्यांच्या आईवडिलांच्या गाडीची झाली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही टक्कर-चाचणी सुरू झाली, हे स्वागतार्हच आहे. तिचे तारे पाहून लोक गाडी घेऊ लागले आहेत. पण ती ऐच्छिक आहे, आणि तिचा मुख्य भर टक्कर झाल्यावर माणूस किती वाचतो यावर आहे. सॉफ्टवेअर बिघडल्याने टक्करच होऊ नये, ही परीक्षा वेगळी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, आपल्या रस्त्यांवर माणसे सॉफ्टवेअरमुळे मरत नाहीत. यात तथ्य आहे. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ जण रस्ते अपघातांत दगावले आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचे कारण बेफाम वेग, बेशिस्त आणि हेल्मेट वा पट्टा न लावणे हेच होते. ती लढाई लढलीच पाहिजे. पण सॉफ्टवेअरचा दोष रस्त्यावर रक्ताचा डाग सोडतो, पुरावा सोडत नाही. ज्या पंचनाम्यात केवळ ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ एवढेच लिहिले जाते, त्यात ताबा कोणाकडे होता हे कोण तपासणार? दुसरा आक्षेप खर्चाचा. अशा परीक्षांनी गाडी महागेल आणि बाजारात यायला उशीर होईल, असे उद्योजक म्हणतील. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह देशात ठिकठिकाणी विजेवरील दुचाकींनी पेट घेतला, ते त्यांनी आठवावे. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. आता बॅटरीतील एका घटात बिघाड झाला तर आग पसरते का, हेही तपासावे लागते. म्हणजे दोष घालून परीक्षा घेण्याचे तत्त्व आपण मान्य केलेच आहे. फक्त ते आग लागल्यावर मान्य केले.

तेव्हा मागणी साधी आहे. वेग, ब्रेक आणि दिशा यांवर हुकमत गाजविणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची दोष घालून घेतलेली परीक्षा भारतात सक्तीची व्हावी. ती कंपनीच्या पगारावर नसलेल्या परीक्षकाने घ्यावी आणि कोणते दोष घालायचे हेही त्यानेच ठरवावे. सद्हेतूने उणीव शोधणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आणि समाजाचा सन्मान मिळावा. सापडलेली उणीव ठरलेल्या मुदतीत दूर केल्याचे जाहीर व्हावे. कारण सापडलेली वाट बंद केली नाही, तर ती दाखविणाऱ्याने शत्रूचेच काम सोपे केले असे होईल. आणि नव्या गाडीच्या दुकानात रंग व पडद्याचा आकार विचारणाऱ्या ग्राहकाने एक प्रश्न आणखी विचारावा: ही बिघडली तर कशी वागते, हे कोणी तपासले आहे?

वाहन-उद्योगात भारत आज जगातील मोठ्या देशांच्या रांगेत उभा आहे आणि त्याचा अभिमान प्रत्येकाला असावा. परंतु ‘भारतात बनविलेले’ हे शब्द विश्वासाचे वाटावेत असे वाटत असेल, तर तो विश्वास जाहिरातींनी येणार नाही. स्वत:च्या कामावर स्वत:च हल्ला करून पाहण्याची हिंमत त्यासाठी लागते. महाराजांना आपल्या गडाचा अभिमान नव्हता असे कोण म्हणेल? अभिमान होता, म्हणूनच त्यांनी तो चढून दाखविण्याचे आव्हान दिले.